सेंट ऑल्बन्सची 1892ची सिग्नल केबिन : काय पाहावे, कसे पाहावे

लंडनच्या सेंट पँक्रसहून थेम्सलिंकच्या जलद गाडीने सेंट ऑल्बन्स सिटी साधारण वीस मिनिटांवर. उतरल्यावर रिजमंट रोडच्या बाजूने बाहेर पडा. केबिन, म्हणजे जिथून सिग्नल आणि रुळांचे सांधे हलवले जात ती खोली, तिथेच रुळांलगत उभी आहे. ती उन्हाळ्यातल्या ठरावीक रविवारीच दुपारी उघडते, म्हणून तारखा आधी पाहूनच निघा.

आत शिरण्याची घाई मात्र नको. मिडलँड रेल्वे या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या अशा केबिन म्हणजे इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यात ठरलेल्या मापाने बनवलेल्या लाकडी फळ्यांच्या भिंती; जागेवर आणून जोडायच्या आणि चारही बाजूंनी उतरते छप्पर चढवायचे. खिडक्यांच्या काचांचे वरचे कोपरे तिरके छाटलेले दिसतात. मिडलँडची केबिन दुरूनही ओळखायची खूण हीच. भिंतींचा खालचा भाग आणि खिडक्यांच्या चौकटींचे तळ नीट न्याहाळा. पावसाचे पाणी तिथे साचते आणि लाकूड कुजायला सुरुवात तिथूनच होते.

वर 44 लिव्हरची रांग. रंग वाचता आले की अर्धी केबिन समजली: लाल थांब्याचा सिग्नल, पिवळा दूरचा इशारा (पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना), काळा सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड), निळा सांध्याचे कुलूप, पांढरा वापरात नसलेला. क्रमही पक्का आहे. आधी काळ्याने सांधा फिरवायचा, निळ्याने कुलूप घालायचे, मग लाल, आणि पिवळा सर्वांत शेवटी. लिव्हर हलला नाही तर जोर लावू नका. दुसऱ्या एखाद्या लिव्हरने त्याला अडवले आहे, आणि दोन गाड्या एकाच वाटेवर येऊ नयेत म्हणून ही अडवणूक मुद्दाम केलेली असते. आयर्लंडमधल्या 1889च्या आर्मा रेल्वे अपघातानंतर ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर ती कायद्यानेच सक्तीची झाली.

लिव्हर ओढायला दिलाच, तर मागची कळ दाबून धरा, एक पाय पुढे रोवा आणि दंडाऐवजी अंगाच्या वजनाने ओढा. मूठ फडक्यातूनच धरायची. उघड्या हाताचा घाम चकचकीत पोलादावर राहिला की गंज धरतो.

सांधे लोखंडी दांड्यांनी हलतात, सिग्नल तारेने. उन्हात तार लांबते, मग सिग्नलचा हात पुरता वळत नाही; म्हणून केबिनमनला ती वेळोवेळी ताणून घ्यावी लागे. तार कमीजास्त करण्याची ही सोय कुठे आहे ते तिथल्या स्वयंसेवकांना विचाराच, सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

जिना चढा आहे, तेव्हा सपाट तळाचे बूट घाला. फोटो काचेला लेन्स टेकवून काढा, नाहीतर लिव्हरांऐवजी आपलेच प्रतिबिंब येते.