आमची वाटचाल : दोन क्लिपांमधला सांधा

दोन माणसे, एक संगणक आणि दोन हेडफोन एवढ्यावर आमच्या व्यवसायाची सुरुवात झाली. ध्वनिपुस्तके, व्याख्याने, मुलाखती, म्हणजे बोललेला शब्द, संपादित करून देण्याचे काम आम्ही तेव्हा स्वीकारले आणि आजही तेच करतो. माझे भागीदार माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. त्यांची उमेदीची वर्षे टेप कापण्यात आणि जोडण्यात गेली होती, तर मी थेट संगणकावर शिकले. या दोन शिक्षणांमधले अंतर किती उपयोगी पडणार आहे, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

पहिल्या काही महिन्यांत आमच्या हातून झालेली चूक सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची सारी शिस्त तिच्यातून आली. आम्ही तेव्हा वापरत असलेल्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेला भाग पुसला आणि फाइल साठवून बंद केली, की तो भाग कायमचा जात असे. एका ध्वनिपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातले निवेदिकेचे सगळे श्वास आणि निम्म्याहून अधिक विराम मी काढून टाकले, अनेक वाक्यांचे शेवटचे व्यंजनही त्यात छाटले गेले, आणि हे सारे मी मूळ ध्वनिमुद्रणावरच साठवले. वाचन नेटके झाले असे मला वाटत होते. ऐकणाऱ्याला मात्र कोणीतरी धापा टाकत पुस्तक संपवत असल्यासारखे वाटत होते. परत आणण्यासारखे काहीच उरले नव्हते. निवेदिकेला ते प्रकरण पुन्हा वाचावे लागले आणि त्याचा खर्च आम्ही उचलला, तरी पहिल्या दिवशीचा तिचा आवाज नंतरच्या दिवशी तसाच लागला नाही, याची खंत मला अजून आहे.

त्यानंतर आम्ही मूळ फाइलला हात न लावणाऱ्या, अनेक ट्रॅकच्या, म्हणजे आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र ठेवता येणाऱ्या, सॉफ्टवेअरकडे वळलो. ही कल्पना नवी नव्हती. साउंड टूल्स १९८९ साली आणि प्रो टूल्स १९९१ साली, या ध्वनिसंपादनाच्या प्रणाली बाजारात आल्या, तेव्हापासून संगणकावरच्या व्यावसायिक संपादनाचा तोच पाया आहे. टाइमलाइनवर, म्हणजे पडद्यावरच्या वेळेच्या पट्टीवर, दिसणारी क्लिप म्हणजे आवाज नव्हे. डिस्कवरच्या फाइलमधला कुठपासून कुठपर्यंतचा भाग वाजवायचा, याची ती नोंद असते. म्हणून क्लिपची कड आत ओढली तरी छाटलेला शब्द तिथेच राहतो आणि कड बाहेर ओढली की परत मिळतो. क्लिपची जागा न बदलता तिच्या आतला आवाज पुढेमागे सरकवता येतो, आणि एकाच वाक्याची चार वाचने शेजारशेजारच्या ट्रॅकवर ठेवून त्यांतून सर्वांत नैसर्गिक वाटणारे शब्द निवडता येतात. ही मोकळीक मिळाली तेव्हा कापण्याची माझी भीती गेली, आणि सांधा कसा करायचा याचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला.

दोन क्लिपा नुसत्या एकमेकींना चिकटवल्या, तर पुष्कळदा तिथे बारीकसा ‘टक्’ आवाज येतो, कारण एका क्लिपची लहर जिथे तुटते त्या उंचीवर दुसरीची लहर सुरू होत नाही. लहर शून्यरेषा, म्हणजे तिच्या चढउतारांमधली शांततेची रेषा, ओलांडते त्या बिंदूवर कापण्याचा उपाय मी शिकले होते, पण तो नेहमी पुरत नाही. भागीदारांनी मला टेपचे उदाहरण दिले. टेप सरळ न कापता ४५ अंशांच्या तिरक्या कोनात कापत. पाव इंच रुंदीची टेप सेकंदाला सुमारे ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असेल आणि तिच्या पूर्ण रुंदीवर एकच ट्रॅक असेल, तर त्या तिरक्या कापामुळे सुमारे १७ मिलिसेकंद एक आवाज मावळत आणि दुसरा उगवत असे. आज आम्ही ज्याला क्रॉसफेड म्हणतो, तो हाच. शब्दांच्या मधल्या शांततेत आम्ही अजूनही साधारण तेवढ्याच लांबीपासून सुरुवात करतो. एकाच मुद्रणाच्या मिळत्याजुळत्या लहरी जोडताना सरळ रेषेचा, म्हणजे आवाज एकसारख्या गतीने उतरवणारा-चढवणारा, फेड योग्य ठरतो. दोन वेगळ्या वाचनांचे आवाज जोडताना मात्र तोच फेड मध्यावर सुमारे ३ डेसिबलचा खड्डा पाडतो, म्हणून तिथे समशक्तीची, म्हणजे दोन्ही आवाजांची एकूण शक्ती सारखी राखणारी, वक्ररेषा घ्यावी लागते. हा फरक पडद्यावर फारसा दिसत नाही. तो कानालाच कळतो.

श्वासही आता आम्ही काढत नाही, फार झाले तर थोडा उतरवतो. खोकला किंवा खुर्चीची करकर काढल्यावर रिकामी जागा राहते, आणि ती तशीच ठेवली तर ऐकणाऱ्याला क्षणभर खोलीच नाहीशी झाल्यासारखे वाटते. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी कोणीही न बोलता किमान ३० सेकंद त्या खोलीची शांतता नोंदवून पाठवावी, अशी विनंती आम्ही करतो आणि ती शांतता त्या जागांत भरतो.

सॅम्पल रेटची, म्हणजे आवाजाचे दर सेकंदाला किती नमुने नोंदले आहेत याची, खात्री करण्याचा नियमही अनुभवातूनच आला. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न करता ४८ किलोहर्ट्झने वाजली, तर एक तासाचे व्याख्यान सुमारे ५५ मिनिटांतच संपते आणि वक्त्याची पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वराने चढते. अपरिचित वक्ता असेल, तर ते पटकन लक्षातही येत नाही.

आज आम्ही सहा जण आहोत. क्लिपा या केवळ नोंदी असल्यामुळे मूळ फाइल हरवली तर प्रकल्प पोकळ होतो. म्हणून काम संपल्यावर सर्व फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करून त्यांच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या एका ट्रॅकला तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते, आणि ती वाचवण्याचा मोह आम्ही टाळतो. भागीदार आता रोज येत नाहीत. प्रत्येक पुस्तक पाठवण्यापूर्वी मात्र ते एकदा येतात, पडद्याकडे पाठ करून बसतात आणि जिथे सांधा ऐकू येईल तिथे हात वर करतात. मागच्या पुस्तकात त्यांनी दोनदा हात वर केला; ते दोन्ही सांधे आम्ही त्याच दिवशी उकलून पुन्हा केले.