डिलीट मारणं आणि हरताळ फासणं

आईच्या फोनचं स्टोरेज परवा परत फुल झालं. ते दर दोन महिन्यांनी होतंच, कारण कमळात बसलेले गणपती, शुभ सकाळचे चहाचे कप आणि कुणाच्या तरी नातवाचे बारा सेकंदाचे व्हिडिओ हे सगळं तिच्याकडे जपून ठेवलेलं असतं. मी सोफ्यावर बसून सिलेक्ट ऑल करतेय हे तिला स्वैपाकघरातनं कसं कळलं देव जाणे, पण ओरडली, "डिलीट नको गं मारूस, नुसतं पुसून टाक!"

तिच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिलीट म्हणजे गेलंच, आणि पुसणं म्हणजे पाटी पुसतो तसं, कितीही थुंकी लावून घासली तरी कालचा पाढा पुसटसा दिसतोच. मी हसले, पण रात्री डिलीटचं मूळ शोधत बसले (झोप येत नसली की लोक रील्स बघतात, मी शब्दकोश बघते).

तर लॅटिनमधे देलेरे असं क्रियापद आहे, अर्थ नष्ट करणे, पुसून टाकणे. रोमचा पुढारी केटो म्हातारा झाल्यावर भाषणाचा विषय कुठलाही असो, शेवट कार्थेज (रोमचं शत्रू शहर) नष्ट झालंच पाहिजे यावरच करायचा, त्यातलं 'देलेंदा' याच क्रियापदाचं. इ.स.पू. 146 मधे रोमनांनी कार्थेज खरंच जमीनदोस्त केलं, केटो त्याच्या तीन वर्षं आधीच गेला होता. एवढं शहर बेचिराख करणारा शब्द आज आपण कमळातल्या गणपतीवर वापरतो. मतदानाच्या शाईला इंडेलिबल म्हणतात तेही यातलंच, न पुसली जाणारी. 1962 च्या निवडणुकीपासून आपल्या बोटांना लागतेय ती, आणि नखाबरोबर वाढत वाढत जाते, पुसली म्हणून जात नाही.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढची. शब्दकोशवाले देलेरेची फोड दे आणि लिनेरे अशी करतात, आणि लिनेरे म्हणजे फासणे, माखणे. म्हणजे डिलीटच्या पोटात काढून टाकणं नाहीच्चे, वरून काहीतरी फासणं आहे! आणि हे वाचल्यावर मी उठून बसले कारण आपल्याकडे हुबेहूब हेच आहे की, हरताळ फासणे. नियमांना हरताळ फासला असं आपण पेपरात रोज वाचतो आणि मला इतकी वर्षं वाटायचं की याचा संपाशी काहीतरी संबंध असणार. अजिबात नाही. संपाचा हरताळ वेगळा, तो दुकानाला टाळं लावण्यातून आलेला. हा हरताळ म्हणजे पिवळं खनिज, आर्सेनिक आणि गंधकाचं. जुन्या पोथ्यांचा कागद पिवळट, लिहिणाऱ्याची चूक झाली की त्यावर हरताळाचा लेप द्यायचा, वाळला की वर परत लिहायचं. थोडक्यात शाळेतला व्हाइटनर, फक्त विषारी.

आणि पोथ्या म्हटलं की पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्था आलीच. लॉ कॉलेज रोडवरून रिक्षाने शंभरदा गेलेय पण आत काय चाललं होतं ते फार उशिरा कळलं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला त्यांनी 1919 ला सुरुवात केली आणि 1966 ला संपवली, 1259 हस्तलिखितं ओळीला ओळ लावून ताडून बघितली. मागाहून घुसलेलं वाटलं ते मूळ संहितेतनं काढलं, व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही आपली लाडकी गोष्टसुद्धा. पण काढलं म्हणजे फेकलं नाही, तळटिपांत आणि परिशिष्टांत नेऊन ठेवलं. सत्तेचाळीस वर्षं काम करून एक ओळ टाकून दिली नाही, याला म्हणतात पुणेरी डिलीट.

कॉम्प्युटरही तेच करतो. पूर्वी कागदी पट्टीला भोकं पाडून अक्षरं नोंदवायचे, अक्षराला सात भोकांची जागा. चुकलं तर पाडलेलं भोक बुजणार कसं? मग उरलेली भोकंही पाडून टाकायची, सातही दिसली की मशीन ते अक्षर सोडून पुढे जायचं. म्हणूनच आस्कीमधे, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, डिलीटचा नंबर 127, म्हणजे सातच्या सात भोकं (1+2+4+8+16+32+64). आपण वहीत चुकलेला शब्द गिरगटून गिरगटून काळा करायचो, तेच की हे.

माझी आजी 'विचारणे'ला पुसणेच म्हणायची. त्याचं मूळ संस्कृत पृच्छ्, घासूनपुसूनवाल्या पुसण्याशी नातं नाही, मराठीत येईपर्यंत दोघं सारखे दिसायला लागले इतकंच. पण गेल्या महिन्यात आईने मावशीसाठी लिहिलेला टँकरच्या पैशांबद्दलचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पडला. घाबरून तिने डिलीट फॉर एव्हरीवन केलं आणि तिथे ती ओळ राहिली, मेसेज डिलीट केला आहे म्हणून. मेसेज होता तसा राहिला असता तर फॉरवर्डच्या ढिगात कोणी वाचलाही नसता, पण पुसला ना, मग जिन्यात, भाजीच्या गाडीवर, लिफ्टमधे जो तो पुसतोय, काकू काय होतं हो त्यात?

आईने सगळ्यांना सांगितलं, कैरीच्या लोणच्याची रेसिपी होती. आता तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना ती रेसिपी हवीये.