चार्ली आणि सॉस

मंगळवार, रात्री उशिरा

आज संध्याकाळी चार्ली पोलार्डने मला सांगितलं की स्पर्धकांकडे आता फार वेळ उरलेला नाही.

हेडफोन माझ्या कानात नव्हते. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथेची श्रुतिकाही चालू नव्हती, आणि चार्ली तर त्या श्रुतिकांतलं पात्र. आवाज शेजारच्या खोलीतून आला आणि मी हातातलं टाकून धावलो, अक्षरशः. धाकटी पालथी पडून ब्रिटिश ‘मास्टरशेफ’ बघत होती. पडद्यावर एक घामाघूम माणूस सॉस गाळत होता आणि वरून चार्ली बोलत होती. चार्ली धापा टाकत, वाक्यं एकमेकांत अडकवत बोलते. ही बाई अगदी सावकाश बोलत होती. पण गळा तोच.

“काय झालं दादा?”

“काही नाही. ओळखीचा आवाज वाटला.”

“तुझ्या ओळखीची आहे ती?” हे तिने ज्या सुरात विचारलं, तो सूर मी इथे लिहीत नाही.

चार्लीला आवाज देणाऱ्या इंडिया फिशरचं नाव मला माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी श्रेयनामावलीत असतंच. पण नावाला नोकरी असते, तिला सकाळी उठून स्टुडिओत जाऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी सॉसबद्दल बोलायचं असतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि ते आल्यापासून काहीतरी टोचतंय. नक्की काय, ते लिहूनच बघतो.

‘डॉक्टर हू’चा नायक, काळातून फिरणारा डॉक्टर, त्याचा प्रश्न नाही. डॉक्टर झालेल्या पॉल मॅकगॅनला मी पाहिलेलं आहे. १९९६ चा तो एक टीव्ही-चित्रपट, लांब केस, मखमली कोट. त्याला घेऊन पुढे मालिका झालीच नाही. ‘डॉक्टर हू’च्या इतिहासात हा गडी एका रात्रीपुरताच राहिला असता, पण श्रुतिका काढणाऱ्या बिग फिनिश कंपनीने जानेवारी २००१ मध्ये ‘स्टॉर्म वॉर्निंग’ काढली आणि त्याला कानांपुरतं का होईना, सगळं आयुष्य मिळालं. तो माझ्याकडे चेहऱ्यासकट आला. चार्ली त्याच गोष्टीत जन्मली. टीव्हीवर ती नव्हतीच. म्हणजे दोघं एका खोलीत बोलत असतात तेव्हा अर्धं चित्र टीव्हीचं असतं आणि अर्धं माझं. तिचं कपाळ, भुवया, हसताना एका बाजूला जाणारं तोंड, हे सगळं मी केलंय. कुणी सांगितलं नव्हतं. वेष्टनावर फोटो असतो, हो. तो मी इतकी वर्षं शिताफीने न बघता उघडत आलोय.

आणि ते वायूवर तरंगणारं हवाई जहाज! ब्रिटिशांचं आर१०१ खरं होतं. ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे ते फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं, ५४ पैकी ४८ माणसं गेली. गोष्टीत चार्ली त्यावर लपून चढलेली, तीही मरायची असते. डॉक्टर तिला वाचवतो आणि काळाला गाठ बसते. टीव्हीवर हे दाखवायचं तर एवढंसं मॉडेल हलवावं लागलं असतं. कानात मात्र वारा, कुरकुरणारा सांगाडा, आणि जहाज आपल्याला झेपेल तेवढं मोठं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दिवा लावायला उठलो नव्हतो.

तर मला राग कशाचा आलाय? तिचा नाही. धाकटीचा तर मुळीच नाही. माझी चार्ली आज दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुणासाठी बोलत होती आणि तिला माझी गरज नव्हती. लिहिल्यावर हे वाक्य किती केविलवाणं दिसतंय. ज्याने मला ही पहिली श्रुतिका ऐकायला दिली होती त्यालाच हे सांगता आलं असतं. नंबर अजून आहे. असो.

पुन्हा बघू. डॉक्टरच्या निळ्या डब्यासारख्या यानाचा, टार्डिसचा, तो घरघरता आवाज ब्रायन हॉजसनने जुन्या पियानोच्या तारांवर किल्ली घासून केला, हे मला कधीपासून माहीत आहे. त्याने काही बिघडलं का? नाही. आवाज आला की निळा डबा उभा राहतोच, किल्ली दिसत नाही. मग सॉस का दिसावा?

कदाचित २०१३ पासूनच मी जरा शेफारलो असेन. ‘डॉक्टर हू’च्या एका छोट्याशा भागात मॅकगॅन परत पडद्यावर आला आणि मरण्याआधी त्याने श्रुतिकांतल्या आपल्या सोबत्यांची पाच नावं घेतली. चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली. पाचही फक्त कानांनी ओळखलेली. तेव्हा मी एकटाच बसून “बघा!” असं मोठ्याने म्हणालो होतो. कुणाला, ते विचारू नये. एकाही नावाला चेहरा दिला नव्हता, केवढे उपकार.

जेवून झाल्यावर न राहवून धाकटीला विचारलं, “ती बोलणारी बाई दिसते कशी?”

“दिसत नाही. नुसती बोलते.”

“इतके सीझन बघितलेस आणि कधीच नाही?”

“नाही. पण मला वाटतं तिचे केस कुरळे असतील.”

कुरळे! मूर्खपणा आहे. चार्लीचे केस सरळ आहेत. यावर आम्ही जवळजवळ पंधरा मिनिटं भांडलो. दोघांनीही फोन उचलून फोटो शोधला नाही. मी शोधणार नव्हतोच. तीही शोधायला तयार नव्हती, हे मात्र मला अनपेक्षित होतं.

आता ‘स्टॉर्म वॉर्निंग’ परत लावलीय. दिवा बंद. जहाज डोलतंय, बाहेर वादळ, चार्ली ओरडतेय, आणि मला मध्येच वाटून गेलं, सॉस सांडणार. हेडफोन काढून हसलो. भिंतीपलीकडून धाकटी म्हणाली, “दादा, तुझी ओळखीची म्हणतेय, आज एकजण घरी जाणार.”

केस सरळच आहेत.