पुसलेली चार मिनिटं

गेल्या जुलैत, बेळगावचा तो चार-चार दिवस ऊन न दाखवणारा पाऊस चालू होता तेव्हा एक ताई रिक्षातून पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्या दुकानात आल्या. टिळकवाडीत माझं छोटंसं काम आहे, जुन्या कॅसेटी, व्हीएचएस वगैरे डिजिटल करून द्यायचं, बहुतेक लग्नाचंच असतं, कधी कुणाच्या आजोबांचं भजन, कधी शाळेचं गॅदरिंग. ट्रंक उघडली तर आधी कापूर आणि बुरशी असा मिसळलेला वास आला आणि आत 137 कॅसेटी, प्रत्येकीवर निळ्या शाईत बारीक अक्षर, गाव, महिना, साल.

ताईंचे वडील म्हणजे आमच्या भागातले नामवंत पत्रकार, आता नाहीत. नाव लिहीत नाही, घरच्यांना तसा शब्द दिलाय. आमच्या घरी त्यांचे लेख कापून वहीत चिकटवलेले असायचे आणि 17 जानेवारीला, 1 नोव्हेंबरला वडील ते मोठ्यानं वाचायचे (बाहेरच्यांसाठी सांगतो, 1956 च्या जानेवारीत इथं गोळीबारात माणसं गेली त्याचा हुतात्मा दिन आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला हा भाग म्हैसूर राज्यात घातला त्याचा काळा दिवस). त्यामुळं माझ्या डोक्यात त्यांचा आवाज लहानपणापासून ठरलेला होता, सभेतला, खणखणीत, समोरच्याला गप्प करणारा. पहिली कॅसेट लावली आणि हेडफोनमध्ये आला एक हळू, जरासा किनरा आवाज, प्रश्न विचारून गप्प बसणारा. इतका गप्प की पहिल्यांदा मला वाटलं टेप अडकली.

ही गप्प बसायची सवय पुढं महिनाभर ऐकली. समोरचा माणूस उत्तर देतो, संपवतो, आणि हे काहीच बोलत नाहीत. पाच सेकंद, दहा सेकंद. मग समोरचाच अस्वस्थ होऊन पुढं बोलायला लागतो आणि खरी गोष्ट तिथं येते. छापून आलेल्या लेखात ते वाक्य असतं, त्याच्या आधीची शांतता नसते.

कामाचं थोडं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. बुरशीची कॅसेट थेट लावायची नाही, आधी उघडून साफ करायची, आतला फेल्टचा तुकडा पडलेला असला तर दुसऱ्या कॅसेटीतून काढून बसवायचा. मग डेकच्या (कॅसेट वाजवायच्या मशीनच्या) हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू केसभर इकडं-तिकडं फिरवून कोन जुळवायचा, स, श, च ही अक्षरं स्वच्छ ऐकू येईपर्यंत, कारण ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं त्याचा कोन आणि माझ्या डेकचा कोन कधीच एक नसतो. आणि घाई करता येत नाही, साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटंच लागतात. 24 बिट, 96 किलोहर्ट्झला घ्यायचं, जसं आहे तसं, सफाई करायची ती नंतर, वेगळ्या कॉपीवर.

मुलाखती सोडून त्यांच्या स्वतःच्या नोंदीही होत्या आणि मला त्याच जास्त आवडल्या. बसमध्ये बसून मशीन तोंडाजवळ धरून बोलायचे, मागं इंजिनाची घरघर, कंडक्टरची शिट्टी. 'सभेला आठ-साडेआठशे माणूस. रांगा मोजल्यात.' आणि दहा मिनिटांनी परत, 'मघाशी साडेआठशे म्हणालो ते जास्त झालं, मागच्या रांगा तुटक होत्या, सहाशे धरावं.' स्वतःच्याच बाजूची सभा, आणि बसमध्ये कुणी ऐकत नसताना माणूस आकडा कमी करतो. हे ऐकून मी कॅसेट थांबवून थोडा वेळ नुसता बसलो होतो. सीमाप्रश्नावर आयुष्यभर लिहिलेला हा माणूस हुक्केरीकडच्या एका शेतकऱ्याशी मात्र सरळ कन्नडमध्ये सुरू होतो, 'ऊटा आतेन्री?' (जेवण झालं का?) म्हणून, आणि पुढचा अर्धा तास दोघं अर्धं कन्नड अर्धं मराठी असं पाण्याबद्दल बोलतात. आमच्याकडं घराघरात हेच आहे, भांडण सरकारशी, शेजाऱ्याशी नाही. पेपरात ते फारसं दिसायचं नाही, टेपवर ते सतत आहे.

निपाणीच्या तंबाखू आंदोलनाच्या चार कॅसेटी निघाल्या, मार्च 1981. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं पुणे-बंगळूर हायवेवर ठाण मांडलं होतं, पुढं 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले, निपाणीत आजही लोक तो दिवस विसरलेले नाहीत. त्यातली एक कॅसेट लावली तर सगळे चिरक्या आवाजात भरभर बोलायला लागले. रेकॉर्डिंगच्या वेळी सेल उतरलेले असले की मशीन हळू फिरतं, आणि ते आपण नीट वेगानं वाजवलं की आवाज पळतो. अशा वेळी मी मागचा विजेचा घुं आवाज शोधतो. आपली वीज पन्नास हर्ट्झची, स्टेजच्या अँप्लिफायरचा घुं टेपवर पंचावन्नच्या आसपास दिसत होता, म्हणजे तेवढा वेग खाली आणायचा. तेव्हा वीजही पन्नासला टिकून नसायची, म्हणून शेवटचं कानानंच. त्यांचा आवाज ओळखीचा झाला होता तोपर्यंत, 'नोंद' हा शब्द ते कसा म्हणतात ते जुळेपर्यंत आकडा सरकवत राहिलो. जुळला तेव्हा हायवेवरची ती सगळी माणसं एकदम आपल्या वयाची झाली, एक म्हातारा 'पोटापुरता भाव द्या, उपकार नको' म्हणत होता तो खरोखर म्हातारा वाटायला लागला.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसलोय तो.

कॅसेटीवर लिहिलेलं, 'निपाणी, विड्या, 82'. लावल्या लावल्या कात्रीचा आवाज. कच, कच, कच. विडीला पानं कापतात तो. बायका घरात सूप मांडीवर घेऊन बसल्यात, पानं कापतात, तंबाखू भरतात, वळतात, दोरा बांधतात, आणि पैसे हजारावर मिळतात, म्हणून पत्रकार आला काय नि कोण आला काय हात थांबत नाही. सगळी मुलाखत कात्रीच्या तालावर चाललीय. मधूनच कुणीतरी खोकतं, तंबाखूचा खाट. एक मावशी बोलत होती, वयानं पन्नाशीची असावी. कारखान्यात माल दिला की तपासणारा माणूस 'छाट' काढतो, म्हणजे नापास विड्या, त्याचे पैसे देत नाही आणि विड्याही परत देत नाही.

'माजी इडी खराब हाय तर मला परत दे की,' मावशी म्हणाली.

'मग ती छाट जाते कुठं मावशी?'

'जाती कुठं? इकत्यात की!'

बायका हसल्या. विडी कामगारांसाठी 1966 मध्ये कायदा झाला होता, त्याला सोळा वर्षं होऊन गेली होती, आणि इथं हे. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, तपासणारा माणूस सगळ्यांशी सारखाच वागतो का. आणि गप्प बसले, नेहमीसारखे.

कात्री थांबली.

वीस मिनिटांत पहिल्यांदा. मी हात डेकवर ठेवून तसाच राहिलो. मावशी हळू म्हणाली, 'दादा, ते तुमचं मशीन बंद करा. ह्ये लिवायचं न्हाई.' ते म्हणाले, 'बरं मावशी.' खट्.

आणि त्यानंतर टेप चालूच. खोलीचा आवाज, कोंबडी, लांब कुठंतरी पोरं. थोड्या वेळानं कात्री परत सुरू झाली. कुणी बोलत नाही. मला कळेना हे काय रेकॉर्ड केलंय. मग मावशी विचारते, 'पुसायलाबी येवढा येळ लागतोय व्हय?' आणि ते म्हणतात, 'जेवढं बोललाय तेवढाच लागतो मावशी.'

बाजूच्या शेवटाला त्यांची नोंद आहे, त्यात सगळं कळलं. बटण नीट दाबलं गेलं नव्हतं, चार मिनिटं चालूच राहिलं. लक्षात आल्यावर टेप मागं घेतली, रेकॉर्डचं बटण दाबून तेवढा भाग पुसत तिथंच बसले, मग मावशीला ऐकवून दाखवलं. 'तिनं मान हलवली तेव्हा उठलो. ती काय बोलली ते माझ्यापाशी. नाव नाही, गल्ली नाही.' एवढंच.

खरं गोष्ट तिथं संपत नाही. स्वस्तातली मशीन, उतरलेले सेल, अशी टेप पूर्ण पुसली जात नाही. टेप दर वेळी अगदी त्याच रेषेवरून जात नाही, किंचित सरकते, कडेला जुना आवाज राहतो, आणि माझ्या डेकचं हेड ती कड वाचतं. स्क्रीनवर त्या चार मिनिटांचं चित्र मोठं करून बघितलं तर कात्रीच्या उभ्या रेघांच्या मागं फिकट आडवे ओरखडे दिसत होते. माणूस बोलताना दिसतात तसे. माझा हात सवयीनं गेला, आवाज वाढवला, वरची खरखर काढली. हे माझं कामच आहे, दिवसभर मी हेच करतो, कुणाच्या मेलेल्या आईचा आवाज असाच काढून दिलाय आणि ती माणसं माझ्यासमोर रडलीत. दोन शब्द आले. स्पष्ट. मावशीच्याच आवाजात.

मी हेडफोन काढला.

बाहेर पाऊस, दुकानात कोण नाही. आजची सॉफ्टवेअरं बघता अर्ध्या तासात सगळं निघालं असतं, याची मला खात्री होती. मनात दोन्ही बाजू येत होत्या. चाळीस वर्षं झाली, मावशी बहुतेक नसेल, तो तपासणाराही नसेल. निपाणीच्या विडी कामगार बायकांचं असं स्वतःच्या तोंडचं किती उरलंय, अभ्यास करणाऱ्याला हे सोनं आहे, आणि अन्यायाची गोष्ट झाकून ठेवण्यात कुणाचं भलं? हे सगळं खरंच आहे आणि आजही मला ते खोटं वाटत नाही. पण ती कात्री थांबली होती ना. वीस मिनिटं हजाराच्या हिशोबापायी न थांबलेला हात एका प्रश्नाला थांबला, आणि ज्या माणसाला बातमीसाठी ते सगळ्यात जास्त हवं होतं त्यानं चार मिनिटं तिच्यासमोर बसून ते पुसलं. तिनं ऐकून खात्री केली. त्या दोघांच्यात झालेला व्यवहार होता तो, आणि मी चाळीस वर्षांनी माझ्या चांगल्या मशीनच्या जोरावर तो मोडायला निघालो होतो.

जी कॉपी साफ करत होतो ती उडवली. मूळ फाईल जशीच्या तशी ठेवली. आणि ताईंना फोन केला, कारण ट्रंक त्यांची आहे, माझी नाही. त्यांच्या मनात हे सगळं एखाद्या चांगल्या ग्रंथालयाला द्यायचं आहे, पोरांना ऐकता यावं म्हणून. सगळं सांगितलं.

'काढता येतंय का ते?' त्यांनी विचारलं.

'येतंय.'

'तू ऐकलंस?'

'दोन शब्द.'

'कुठले?'

मी म्हटलं, 'ताई, ते नाही सांगता येणार मला.'

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं रागावल्या, ट्रंक परत मागतील. मग म्हणाल्या, 'बाबा पण असंच म्हणायचे. आई चिडायची. जेवताना गप्प असले की आम्ही समजायचो, कुणीतरी काहीतरी सांगितलंय.' आणि थोडं थांबून, 'असू दे तसंच. पुढची लाव.'

यादीत मी त्या कॅसेटीपुढं लिहिलं, '20:10 ते 24:15, बोलणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून रेकॉर्ड करणाऱ्यानं स्वतः पुसलेलं. पुन्हा काढू नये.' ग्रंथालयाला देताना ही ओळ सोबत जाईल, ताईंनी ते मान्य केलंय.

मग कॅसेट उलटी केली. बी बाजूला सुरुवातीला थोडी खरखर, मग कात्री, परत तोच ताल, आणि मावशीचा आवाज, आता जरा मोठा, मोकळा.

'झालं चालू? हां. इचारा आता.'