पाठमोरं मांजर

दुपारची जेवणं आटोपल्यावर जिन्यातलं मांजर दार ढकलून आत आलं, माझ्यापासून हातभर अंतरावर बसलं आणि माझ्याकडे पाठ करून भिंत न्याहाळू लागलं. बायको म्हणाली, "बघ, हिंग लावूनसुद्धा विचारत नाही तुला."

मांजरांच्या बाबतीत मी जरा भांडकुदळ आहे. मांजराने पाठ फिरवली म्हणजे अपमान केला, हे मला मान्य नाही. ज्याचा भरवसा वाटत नाही त्याच्यावरून ते नजर हटवत नाही. पाठ मिळते ती घरच्यांना. आपल्या म्हणींनी तर त्याची फारच बदनामी केली आहे. डोळे मिटून दूध पितं म्हणे! चोरून पिणाऱ्या मांजराचे डोळे मी पाहिलेत, बशीएवढे उघडे असतात. मिटतात ते आपल्या माणसासमोर, तेही सावकाश, अर्धवट उघडून पुन्हा. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. समोरच्या माणसाने असे सावकाश डोळे मिटले, तर मांजरंही मिटून उत्तर देतात.

आजीला हे सांगायला कुणी आलं नव्हतं. कोकणातल्या घरी ती माजघरात तांदूळ निवडायला बसली, की वैलाजवळच्या उबेतून मनी उठायची. शेपटी ताठ, टोकाला किंचित बाक. आल्या आल्या आजीच्या गुडघ्यावर गाल घासायचे. मांजरांच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात, म्हणजे म्हातारी आमची आहे अशी ती रोजच्या रोज नोंदच करत असणार. मग मांडीवर चढून पंजे आळीपाळीने दाबत राहायची, पिल्लं आईला पिताना दाबतात तसे. लुगड्याचे धागे निघायचे. "मेली, नवं लुगडं नेसायची सोय नाही," आजी करवादायची, पण मांडी हलवायची नाही. मनी म्यांव म्हणाली की "होय गो बाय" असं उत्तरही द्यायची. मोठी मांजरं आपापसात सहसा म्यांव करत नाहीत, ते बोलणं बहुतेक माणसांसाठीच असतं. आजी त्याला उत्तर देत होती, यात मला तरी काही वेडेपणा दिसत नाही.

"मांजराला घराचा लळा, माणसाचा नाही," हे तिचं ठाम मत. आणि बांगड्याचं डोकं रोज कुणासाठी बाजूला काढून ठेवायची, तर मनीसाठी. आम्हा नातवंडांना ते मागायची छाती नव्हती.

आता पाहुण्यांविषयी. मांजर उताणं पडलेलं दिसलं की यांचा हात लगेच त्याच्या पोटाकडे जातो. अहो, त्याने विश्वासाने पोट उघडं टाकलंय, तुम्हाला बोलावलेलं नाही! पण ऐकतो कोण? ओरखडा आल्यावर वर मांजरालाच कृतघ्न म्हणायला मोकळे.

हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हटलं, "बाबासुद्धा जन्मभर आपल्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. त्याचाही अर्थ हाच असणार."

आई म्हणाली, "त्यांना खिडकीचा उजेड लागायचा."