मला वाटलंच होतं

स्वयंसेवी मार्गदर्शक म्हणून मी दर बुधवारी ग्रंथालयात जिला गणित शिकवते, त्या माध्यमिक शाळेतल्या मुलीने आज वही उघडता उघडता एकच वाक्य उच्चारले, "मला वाटलंच होतं, ताई," आणि आम्ही समीकरणांकडे वळलो. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. दोन आठवडे न आल्याबद्दल मी मागितलेली क्षमा तिने, गुण आधीच ठाऊक असलेली उत्तरपत्रिका घडी घालून दप्तरात टाकावी, तशी बाजूला ठेवली. तास नेहमीसारखा पार पडला. घरी आल्यापासून मात्र त्या वाक्यातला ‘च’ माझी पाठ सोडत नाही.

‘वाटलं होतं’ एवढेच ती म्हणाली असती, तर ती शंका ठरली असती. शंकेला निदान दुसरी बाजू असते. ‘च’ने ती बाजूच पुसून टाकली.

पहिल्या आठवड्याचे कारण खरे होते. दुसऱ्या आठवड्याचेही खरेच होते, परंतु ते मी थोडे मोठे करून समन्वयकांना कळवले आणि निरोप तिच्यापर्यंत पोहोचेल असे गृहीत धरले. विद्यार्थ्यांशी परस्पर संपर्क ठेवायचा नाही, हा नियम त्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि तो मला मनापासून पटतो. पण त्या नियमाच्या आड मी किती सहज उभी राहिले, हे आज ग्रंथपालबाईंनी "दोन्ही वेळा पोरगी तासभर बसून होती" असे सांगितले तेव्हा लक्षात आले.

संध्याकाळी काही वेळ स्वतःचीच कीव आली, तेही लिहून ठेवते. हा तास मी माझ्या विश्रांतीतून काढते, त्याचा मोबदला घेत नाही, आईच्या बाबतीत जे चालले आहे ते सांभाळून जाते. सहा महिन्यांत दोनच खाडे, आणि तरीही माझ्या वाट्याला हा ‘च’ यावा?

मग प्रशिक्षणातली टिपणे काढून बसले. एकेका मुलाची एकेका प्रौढ स्वयंसेवी मार्गदर्शकाशी जोडी लावून देणाऱ्या, अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या कार्यक्रमाचे १९९५ साली प्रसिद्ध झालेले मूल्यमापन मी तेव्हा मोठ्या उत्साहाने उतरवून घेतले होते. १० ते १६ वयोगटातील ९५९ मुलेमुली. त्यांतील सुमारे निम्म्यांसाठी लगेच मार्गदर्शक शोधायचा आणि उरलेल्यांनी १८ महिने प्रतीक्षा यादीत थांबायचे, अशी त्याची रचना होती. पहिल्या गटातील मुले अमली पदार्थांकडे कमी वळली, त्यांनी शाळाही कमी बुडवली. हा भाग मी अधोरेखित केला होता. त्याच माहितीचा, जोडी किती काळ टिकली या अंगाने, पुन्हा अभ्यास झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. तो मात्र मी घाईत उरकला होता. वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या जोड्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला. ज्यांची जोडी तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचा स्वतःवरचा आणि स्वतःच्या अभ्यासाच्या कुवतीवरचा विश्वास, मार्गदर्शक न मिळालेल्या मुलांच्या तुलनेतही, खालावला. १३ ते १६ वयाच्या मुलांच्या जोड्या लहान मुलांच्या जोड्यांपेक्षा लवकर तुटत होत्या, हेही तिथेच आहे. माध्यमिक शाळेतले वय नेमके हेच.

माझ्याआधीच्या ताई अकरा आठवडे आल्या होत्या. त्यांचे सुबक अक्षर वहीच्या पहिल्या नऊ पानांवर आहे आणि दहाव्या पानापासून माझे सुरू होते. तिने मधले एकही पान कोरे सोडलेले नाही की फाडलेले नाही. त्यांच्याविषयी ती कधी बोलली नाही. मीही विचारले नाही, कारण मी त्यांच्यापेक्षा चांगली आहे असे मी मनोमन ठरवून टाकले होते. हे लिहिताना लाज वाटते.

म्हणजे हा ‘च’ माझ्या येण्यापूर्वीच तयार होता. मी पहिल्या दिवशी तिच्यासमोर उद्दिष्टांचा तक्ता ठेवला, गणितात किती गुण हवेत ते विचारले, पुढे काय व्हायचे आहे ते विचारले. मी किती दिवस येणार आहे, हे मात्र सांगितले नाही. तिला हवे असलेले उत्तर बहुधा तेवढेच होते.

आणि तरीही एक गोष्ट राहून राहून मनात येते. तिला वाटलेच होते, तर ती पहिल्या आठवड्यात तासभर कशाला बसली? आणि त्यानंतर दुसऱ्याही आठवड्यात? वाट पाहणे संपल्यावर मनाला जो आधार लागतो, तो तिने त्या एका अक्षरात शोधला असावा. मी तो हिरावून घेण्याची घाई करू नये. बुधवारी ती पुन्हा तसेच म्हणाली, तर ऐकून घ्यायचे आणि समजावायला जायचे नाही, एवढे आता मला मान्य आहे. रात्री जेवणही नीट गेले.

वर्ष संपेपर्यंत अजून सतरा बुधवार आहेत. त्या सगळ्या तारखा एका कागदावर लिहून काढल्या. त्यांपैकी दोन दिवशी मला जाता येणार नाही, हे आजच दिसते आहे. त्यांवर फुली मारली आणि सतराव्या तारखेपुढे ‘शेवटचा तास’ असे लिहिले. वहीच्या आतल्या पानावर हा कागद चिकटवू देशील का, असे तिला विचारायचे आहे. सोबत डिंकाची बाटली घेतली आहे.