मे महिन्यातला गुन्हा

पुण्यात डिसेंबरचा पारा दहाच्या आसपास घुटमळायला लागला, की सोसायट्यांच्या पार्किंगमधून सकाळी एक ठरावीक आवाज यायला लागतो. घर्र... घर्र... घ... आणि मग नुसतंच टक्. पाठोपाठ निकाल जाहीर होतो : "थंडीनं बॅटरी गेली."

थंडी बिचारी निम्मी तरी निर्दोष असते. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, स्टार्टरला जोर जास्त लावावा लागतो, हे सगळं कबूल. पण धडधाकट बॅटरी पुण्या-नाशिकच्या थंडीला भीक घालत नाही. लडाखमध्येही सकाळी गाड्या सुरू होतातच की. घात झालेला असतो तो मे महिन्यात. रणरणत्या उन्हात, वर तापलेल्या इंजिनाच्या शेजारी, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजत राहतात आणि पाणी उडत राहतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही झीज साधारण दुप्पट होते. पण उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं, म्हणून अधू बॅटरीही वेळ मारून नेते. डिसेंबरात पहिल्यांदा अंगात जोर आहे का विचारलं जातं, आणि तेव्हा सगळं उघडं पडतं. नागपूर-चंद्रपूरकडे बॅटऱ्या लवकर का दमतात, हे वेगळं सांगायला नको.

तरी मला या वस्तूचं कौतुक वाटतं. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पहिली पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. आजही आपल्या बहुतेक गाड्यांत तेच शिसं आणि तेच आम्ल आहे. इतकंच काय, बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांच्या पोटाखाली भलीमोठी लिथियमची बॅटरी असते आणि कोपऱ्यात ही १२ व्होल्टची छोटी म्हातारीही असते. ती रुसली तर लाखांची गाडी जागची हलत नाही.

अशा वेळी पार्किंगमध्ये जमणारे तज्ज्ञ मला फार आवडतात. एक काका म्हणतात बॅटरी, दुसरे म्हणतात डायनामो, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र (अल्टरनेटर हा शब्द त्यांना मंजूर नाही), तिसरे वाद न घालता बाह्या सरसावतात : "सेकंड टाका, क्लच दाबून धरा, आम्ही ढकलतो." या धक्क्यानं कित्येक शेजाऱ्यांची बोलाचाल पुन्हा सुरू झाली असेल. ऑटोमॅटिक गाड्यांना धक्का चालत नाही. त्यांच्या मालकांना दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जम्पर केबल मागत फिरावं लागतं.

पण ढकलून सुरू झाली म्हणजे दोष कळला असं नाही. त्यासाठी व्होल्ट मोजणारा काहीशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडायचं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीनं १२.६ व्होल्ट दाखवले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. काटा साडेदहाच्या आसपासच अडून बसला तर बॅटरीतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक बसला असं समजावं. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं : आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही. इंजिन सुरू झाल्यावर बहुतेक गाड्यांत तो १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चढायला हवा. चढला नाही तर दुसऱ्या काकांचं खरं. अशा गाडीत नवी कोरी बॅटरी बसवली तरी दोन दिवसांत तीही उतरणार.

आणि या सगळ्याच्या आधी टर्मिनल (बॅटरीवरची वायरी जोडायची टोकं) बघावेत. त्यांच्यावर पांढरी-हिरवी भुकटी साठलेली असते, क्लॅम्प बोटानं हलतो. खायचा सोडा, गरम पाणी, जुना टूथब्रश आणि एक पाना, एवढ्यात काम भागतं. गाडीला टर्मिनल घट्ट करून हवे होते आणि मालकाला नवी बॅटरी विकली गेली, असं किती वेळा होत असेल देव जाणे. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ आपण हौसेनं घालतो. ते उघडून आत बघायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

काही बॅटऱ्यांच्या झाकणावर चार्ज दाखवणारा हिरवा डोळा असतो, त्याच्यावरही फार विसंबू नये. तो सहापैकी एकाच सेलचं बघत असतो. बाकी पाचांचं त्याला काही ठाऊक नसतं.

उतरलेली आणि मेलेली यांत फरक असतो. आतला दिवा रात्रभर चालू राहिला, तर हळू चार्जिंगवर लावून बॅटरी परत येते. पण तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि ते मग विरघळत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी हेच झालं. गाडी आराम करत होती, आणि त्या आरामानंच बॅटरी संपली.

बदलायचीच ठरली तर काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. उलट केलं आणि प्लसचा पाना बॉडीला टेकला, की ठिणगी काय असते ते डोळ्यांनी दिसतं. नव्या बॅटरीवरची बनावटीची तारीख वाचावी, कारण दुकानातल्या फळीवरही तिचं वय वाढत असतं. वॉरंटीचे महिने मोठ्यानं सांगितले जातात. त्यातले फुकट बदलून मिळण्याचे किती आणि नुसत्या सवलतीचे किती, हे आपण विचारावं.

जुनी मात्र फुकट सोडू नये. तिच्या वजनात बहुतांश शिसं असतं, ते वितळून पुन्हा बॅटरीतच जातं, आणि विक्रेत्यांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्यायच्या हे २००१ च्या नियमांतच होतं. म्हणून तर नवी बॅटरी कितीला पडली असं कुणी विचारलं आणि आपण आकडा सांगितला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "जुनी देऊन, की न देता?"